काकांचा सिलिंडर आणि दुसरा साक्षीदार

बाळकुम, ठाणे
रविवार, दुपारची भांडी झाल्यावर

ती. रतनमामा यांना,

स्वप्नाचा नमस्कार. खरं तर पायांवर डोकं ठेवायचं, पण गुडघ्यांना पुन्हा सूज आल्याचं मामींकडून कळलं, तेव्हा हा नमस्कार लांबूनच घ्या. निर्गुडीचा पाला शेकून बांधा, आणि सूज आहे तोवर रोज पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून देवळात जायचं थांबवा. देव कुठे पळून जात नाही. मामींची दाढ काढली का? तांबूचं वासरू आता चरायला लागलं असेल. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. आनंदला ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आहे. डॉक्टर म्हणतात वयामुळे, तो म्हणतो सासूबाईंच्या मृत्युपत्रामुळे. खरं काय ते पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा.

आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. फोन करून पाहिला. आपलं फोनवर बोलणं म्हणजे तुम्ही बोलता आणि मी ‘हो मामा’ म्हणते, आणि मध्येच मी ‘काका’ हा शब्द उच्चारला की तुमची रेंज जाते. (एकाच शब्दाला रेंज जाणारा तुमचा गाव कोकणात एकटाच असावा.) व्हॉट्सॲपवर तुम्ही रोज पहाटे जास्वंदीचा फोटो पाठवता, पण दुसऱ्याने पाठवलेलं काही उघडत नाही. पत्राचं बरं असतं, ते मध्येच तोडता येत नाही. तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण चष्मा लावला की म्हातारे दिसता अशी तुमची समजूत आहे. म्हणून पाकिटावर मामींचं नाव घातलंय. मामी, पडवीत बसून मोठ्याने वाचा. मामा उठून गेले तर त्यांच्या मागे मागे जाऊन वाचा.

मामी, तुम्हाला हे प्रकरण मामांच्या तोंडून कळलंय, म्हणजे निम्मंच कळलंय. उरलेलं असं. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. आईने शाळेतल्या नोकरीवर मला शिकवलं, डोंबिवलीत मानपाडा रोडला स्वतःच्या नावावर घर घेतलं, माझं लग्न लावून दिलं, आणि मग एका संध्याकाळी बाळकुमला येऊन, माझ्या चहाला नावं ठेवून झाल्यावर, मी लग्न करतेय असं सांगितलं. नवरामुलगा म्हणजे त्र्यंबककाका. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत बॉयलर सांभाळायचे, पहिली बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, बोलणं बेताचं. आईची आणि त्यांची ओळख झाली ती त्यांनी तिचा प्रेशर कुकर दुरुस्त करून दिला तेव्हा. मामा, तुम्ही त्या वेळी काय काय बोललात ते मी लिहीत नाही, मामी मोठ्याने वाचतायत आणि शेजारी ऐकत असतील. त्या माणसाच्या घराची पायरी चढणार नाही ही शपथ मात्र सगळ्या वाडीला पाठ आहे. लग्नाला तुम्ही आला नाहीत. रजिस्टर लग्न असलं तरी आईला हौस दांडगी, हार झाले, अक्षता झाल्या, आणि कानपिळीची वेळ आली तर नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊच नाही. काका कान पुढे करून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी म्हटलं, मी पिळू का? तर म्हणाले, नको, तो मान रतनरावांचा, राहू दे बाकी. तो कान अजून बाकीच आहे.

मग गेल्या पौषात आई गेली. मामा, तुम्ही रात्रीची गाडी धरून आलात, स्मशानात लहान मुलासारखे रडलात, पण घरात पाऊल टाकलं नाहीत. बाराव्याला खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसलात. तिथेच तुमचं पान आलं, आणि बिल्डिंगमधली माणसं चांगली आहेत असं म्हणत तुम्ही काळ्या वाटाण्याची आमटी दोनदा मागून घेतलीत. (ती आमटी कुणी केली होती हे मी आजवर बोलले नाही. बिल्डिंगमधल्याच एका माणसाने केली होती, एवढं खरं.)

आईने मृत्युपत्र करून ठेवलं होतं. एका पानाचं, तिच्यासारखंच सरळ. माझ्यामागे श्री. त्र्यंबक असतील तोवर त्यांनी या घरात राहावं, त्यांना कुणी उठवू नये, त्यांच्यानंतर घर स्वप्नाचं. खाली तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. मला हे मान्य, काकांना मान्य, आनंदला तर काय, मला मान्य ते मान्य. जगात एकाच माणसाला हे मान्य नव्हतं. त्या माणसाने सोसायटीला रजिस्टर पोस्टाने हरकतीचं पत्र पाठवलं की सदर मृत्युपत्र बनावट असून सदर इसमाने ते स्वतःच्या फायद्यासाठी तयार केले आहे, आणि आपल्या भाचीचा हक्क डावलला जात आहे. मी तुम्हाला मृत्युपत्राचा फोटो पाठवला होता. तो न उघडताच तुमचं उत्तर आलं, ‘बोगस’, आणि पाठोपाठ जास्वंद. नंतर फोनवर तुम्ही म्हणालात की असल्या कागदावर सही करणारे ते दोन साक्षीदार सापडू देत, एकेकाला पाखाडीवरच्या आंब्याला उलटा टांगतो. हे वाक्य लक्षात ठेवा, मामी, पुढे लागणार आहे.

मामा, तुम्ही माझ्यासाठीच भांडताय हे मला कळतं. बाबा गेल्यावर दर मे महिन्यात तुम्हीच मला घेऊन जायचात. विहिरीत ढकलून पोहायला शिकवलंत, कॉलेजची फी भरायला आंब्याच्या पेट्या स्वतः डोक्यावरून स्टँडला नेल्यात. म्हणून तुमच्यावर रागावणं मला फार जड जातं, तरी रागावलेच आहे. कारण ज्याच्यापासून तुम्ही मला वाचवायला निघालात तो माणूस मला बाहेर काढत नाहीये, तो स्वतःच बाहेर पडायला निघालाय, आणि त्याला थांबवता थांबवता माझ्या नाकी नऊ आलेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर चोरी झालेलीच नाही.

‘बनावट’ हा शब्द काकांनी सोसायटीच्या ऑफिसात उभं राहून वाचला. घरी आले, माळ्यावरची लोखंडी ट्रंक काढली, पुसली आणि भरायला घेतली. म्हणाले, तिच्या माहेरच्या माणसाला मी लबाड वाटतो, तर मी या घरात राहणं बरं दिसत नाही. मी शहाडला साईनाथकडे जातो. (साईनाथ म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याच्याबद्दल पुढे येतंय.) मी म्हटलं, कायद्याने निम्मं घर तसंही तुमचं आहे. ते म्हणाले, मला निम्मं नको नि पाव नको, ती राहा म्हणाली होती म्हणून राहत होतो, आता ती म्हणालीच नव्हती असं लोक म्हणतात. आईने शाळेत अख्खे वर्ग गप्प केले होते, पण या माणसासमोर तीही कधीकधी हरायची.

तेव्हापासून काकांना खरेपणाचा झटका आलाय. कुरियरवाला आला तर सही करत नाहीत, नसता संशय नको म्हणून. बसमध्ये कंडक्टरने न विचारता आधार कार्ड काढून दाखवतात. आतल्या खोलीत झोपायचं सोडलंय, ती घरमालकिणीची खोली म्हणे, आणि बाहेर सोफ्यावर पाय दुमडून झोपतात. ट्रंक रोज भरतात आणि दाढीचं सामान तळाशी गेलेलं असतं म्हणून रोज सकाळी उपसतात. पण ते अजून गेले का नाहीत, तर गॅसमुळे. गॅसचं कनेक्शन आईच्या नावावर. नवा सिलिंडर नोंदवायचा तर आईच्या मोबाइलवरून नोंदवावा लागतो आणि गेलेल्या माणसाच्या नावाने गॅस मागवणं ही फसवणूक आहे, असं काकांचं ठाम मत झालंय. चालू आहे तो मात्र आईने स्वतः नोंदवलेला, शेवटचा. तो अर्धा टाकून गेलो तर तिला खपायचं नाही, तेव्हा तो संपेपर्यंत राहतो आणि संपला की जातो, असं त्यांनी मला सांगितलं.

झालं! त्या दिवसापासून माझं आयुष्य त्या लाल सिलिंडरभोवती फिरतंय. गॅस जळता कामा नये या एकाच ध्येयाने मी एक दिवसाआड आनंदच्या स्कूटरवर मागे बसून, माणकोलीच्या पुलावरून, मांडीवर डबे घेऊन डोंबिवलीला जाते. सुरुवातीला भाजी-आमटी न्यायचे, तर काका ती गरम करून खायचे. मग मी गरम करावं लागणार नाही अशा वस्तूंवर आले. दडपे पोहे, दहीभात, काकडीची कोशिंबीर, पुन्हा दडपे पोहे. (दडपे पोहे या घरात आता कुणी नाव काढत नाही.) इंडक्शनची शेगडी नेऊन दिली, ती त्यांनी खोक्यासकट परत पाठवली, कारण विजेचं बिलही आईच्याच नावावर येतं. गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर करून घेते म्हटलं तर म्हणाले, तुझ्या नावाचा गॅस तू तुझ्या घरी जाळ. बॉयलर सांभाळलेला माणूस, त्यामुळे त्यांना फसवताही येत नाही. एकदा ते खाली दूध आणायला गेले असताना मी शेजाऱ्यांचा भरलेला सिलिंडर आणून जोडला आणि शेगडी पेटवून पाहिली. ते वर आले, दारातूनच ज्योतीचा आवाज ऐकला आणि म्हणाले, हा आपला नाही. शेजाऱ्यांना सिलिंडर परत करताना माझ्याच पायाच्या अंगठ्यावर पडला. नख काळं झालं आहे, बाकी ठीक.

मग मी ठरवलं की सिलिंडरशी लढून उपयोग नाही, मुळावरच घाव घालायचा. सोसायटीचे सेक्रेटरी सलिलभाऊ हे सज्जन गृहस्थ आहेत, पण त्यांना नियम या गोष्टीचं व्यसन आहे. त्यांनी सांगितलं की हरकत आली आहे, तेव्हा दोन साक्षीदारांपैकी एकाने तरी कमिटीपुढे येऊन, ही सही माझीच आणि कै. बाईंनी आपली सही माझ्यासमोर कबूल केली, असं प्रतिज्ञापत्र द्यावं, म्हणजे कमिटी हरकत निकाली काढेल. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तसं ते नव्हतंच. पहिले साक्षीदार म्हणजे आमचे जुने डॉक्टर सखाराम. त्यांची सही, शिक्का सगळं चोख, पण ते आईच्या आधीच दिवाळीत गेले. दुसऱ्या साक्षीदाराची नुसती सही. नाव-पत्त्याची जागा कोरी. आईसारखी काटेकोर बाई, जी वाण्याच्या पिशवीवरही तारीख घालायची, ती ही जागा कोरी का ठेवेल, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. सहीसुद्धा अशी की अक्षर लागायची सोय नाही. चकली पाडताना सोऱ्या हातातून सुटावा तसं वेटोळं आणि खाली दोन टिंबं.

त्या वेटोळ्याच्या मागे मी किती हिंडले, मामा! आईच्या शाळेतल्या बाई, तिच्या योगाच्या वर्गातल्या बायका, चष्मेवाला, ब्लाउज शिवणारा टेलर, सगळ्यांना मी ‘जरा एक सही करून दाखवता का’ असं विचारलं. लोक हल्ली सही म्हटली की दोन पावलं मागे सरतात. टेलरने तर मी कुठली स्कीम विकतेय असं समजून हात जोडले. शेवटी म्हटलं साईनाथ असेल, पुतण्याच आहे, जवळचा माणूस. म्हणून शहाडला गेले. बेल वाजवली तर साईनाथने दार उघडलं आणि आधी माझ्या मागे पाहिलं, ट्रंक आली आहे का म्हणून. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात चार माणसं. काकांसाठी त्यांनी गॅलरीतलं सगळं सामान हलवून तिथे एक फोल्डिंगची खाट लावून ठेवली होती, वर पावसाचं पाणी येऊ नये म्हणून ताडपत्री. साईनाथची बायको म्हणाली, “ताई, काकांना नाही बोलायचं नाय हो आम्हाला, पन जागा बघताय ना तुम्ही?” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साईनाथने दुधाच्या बिलामागे सही करून दाखवली. ती त्याच्यासारखीच सरळ होती, प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. मी त्या खाटेवर थोडा वेळ बसून पाहिलं. काका उंच आहेत, त्यांचे पाय बाहेर आले असते. घरी येईपर्यंत मी आनंदशी एक शब्द बोलले नाही, आणि हे आनंदला फार लागतं, कारण त्याला वाटतं त्याचंच काही चुकलं.

तिथून परत आल्यावर मी ठरवलं की हा साक्षीदार जिवंत असेल तर मी त्याला पाताळातून काढीन. आणि काढला. डॉक्टरांच्या पत्नी रमाबाई मानपाड्याला बंद दवाखान्याच्या वरच राहतात. त्यांच्याकडे मी आधीच जायला हवं होतं, पण त्या साक्षीदार नाहीत म्हणून सलिलभाऊंनी मला तिकडे फिरकूच दिलं नव्हतं. रमाबाई म्हणाल्या की आईने डॉक्टरांची सही घेतली त्या दिवशी त्यांनीच विचारलं होतं, दुसरी सही माझी घ्या की. तर आई हसून म्हणाली, दुसरी कुणाची घ्यायची ते माझं ठरलंय, उद्या जो सगळ्यात मोठ्याने ओरडेल त्याची. आणि कोणाची घेतली, कशी घेतली, हे परत आल्यावर तिने रमाबाईंना हसत हसत सांगितलं होतं. मी ते ऐकून आधी विश्वासच ठेवला नाही. तशीच उठून सलिलभाऊंकडे गेले, त्यांच्या फायलीतला दुसरा एक कागद मागून घेतला, आणि दोन सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी इतकी हसले की सलिलभाऊंनी पंखा वाढवला.

तर मामा, दुसरा साक्षीदार सापडला. हयात आहे, तब्येतीने खणखणीत आहे, गावात मान आहे. नाव मी इथे लिहीत नाही. कारण तुम्ही त्याला पाखाडीवर उलटा टांगणार असं म्हटलेलं, आणि तो माणूस वयस्क आहे, गुडघ्यांना सूज आहे, उलटं टांगणं त्याला सोसायचं नाही. पण मी त्याला सोडणार नाही. येत्या रविवारी सकाळी कमिटीची मीटिंग आहे. त्या दिवशी तो माणूस सलिलभाऊंच्या समोरच्या खुर्चीवर बसलेला असेल, मग मला त्याला उचलून आणावं लागलं तरी चालेल. काका शहाडला त्या ताडपत्रीखाली जाणार नाहीत. ते आईच्या घरातच राहतील, आणि सोफ्यावर नाही, आतल्या खोलीत झोपतील. हा माझा हट्ट आहे. मी माझ्या आईची मुलगी आणि तुमची भाची आहे, त्यामुळे हट्ट मला दोन्हीकडून मिळालाय आणि त्यावर सोसायटीची हरकत चालत नाही.

बाकी काही विशेष नाही. मामींना नमस्कार, वासराच्या पाठीवरून माझा हात फिरवा. चष्मा लावत जा, खरंच म्हातारे दिसत नाही.

तुमची,
स्वप्ना

ता. क. १: मामी, आता हळू वाचा. मामा, तीन वर्षांपूर्वी गौरीच्या सणाला आई गावी आली होती ते आठवतं का? सांजची आरती झाली, तुम्ही पडवीत बसलात, आणि उत्सव मंडळाच्या पावत्या, देवळाच्या पत्र्याचा अर्ज, कुणाकुणाचे दाखले, असे सगळे कागद घेऊन माणसं रांगेने बसली. तुमची सरपंचकी कधीच सुटली, पण ती रांग सुटलेली नाही, आणि कागद न वाचता मांडीवर ठेवून सही ठोकायची सवयही सुटलेली नाही. आई त्या रांगेत बसली. तिचा नंबर आल्यावर म्हणाली, दादा, ही माझी सही, खाली तू कर. तुम्ही विचारलंत, कशाचं गं? ती म्हणाली, घराच्या कामाचं. तुम्ही म्हणालात, कर काम, आणि वेटोळं काढून खाली दोन टिंबं दिलीत. रमाबाईंना हे सगळं आईने जसंच्या तसं करून दाखवलं होतं. मी डोंबिवलीभर हिंडले आणि साक्षीदार माझ्या आजोळी पडवीत बसलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो मी शहाडमार्गे घातला. तुमची सही मी जन्मात पाहिली नव्हती. तुम्ही पाकिटावर नुसते ‘आशीर्वाद’ लिहिता. ती मी पहिल्यांदा पाहिली ती तुमच्याच हरकतीच्या पत्राखाली.

ता. क. २: रमाबाईंनी आईला तेव्हा म्हटलं होतं, अहो, भावाला असं फसवून सही घेतलीत? आई म्हणाली, फसवून कशी? वाचायला दिलं असतं तरी दादाने सही केलीच असती. फक्त आधी दोन वर्षं रुसला असता, आणि मला तेवढा वेळ आहे की नाही कोण जाणे. मामा, हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. तुमच्यावर तिचा विश्वास होता म्हणून तिने तुमची सही घेतली. आता जिच्यावर रुसायचं तीच राहिलेली नाही, तर रुसवा कुणासाठी सांभाळताय?

ता. क. ३: हे पत्र मी काकांच्या चोरून लिहितेय. साक्षीदार कोण ते मी त्यांना सांगितलं. मला वाटलं हसतील, निदान चिडतील. ते म्हणाले, हे रतनरावांना कळवू नकोस. चारचौघांत त्यांना खाली बघायला लागेल, तिला आवडणार नाही. मी जातो शहाडला, आपोआप मिटेल. हा तुमचा ‘सदर इसम’. तेव्हा कमिटीपुढे तुम्ही चुकलात असं कुणीही म्हणणार नाही, त्याची जबाबदारी माझी. सलिलभाऊंना मी सांगून ठेवलंय की मामा स्वतः येऊन सही नीट तपासणार आहेत, तोवर ते कुणावर विश्वास ठेवत नाहीत. आणि वाडीत कुणी विचारलं कुठे चाललात, तर सांगा, कानपिळीला. अकरा वर्षांचा तुमचा हक्क थकलाय. कान तयार आहे, आणि त्यावेळी तुमच्यासाठी आणलेलं धोतराचं पान आणि टोपी अजून घडी न मोडता त्या ट्रंकेत सगळ्यात तळाशी आहे. मी स्वतः पाहिलं. जोरात पिळा, मला काही म्हणायचं नाही. शनिवारी दिवा स्टेशनला उतरा, आनंद घ्यायला येईल. शपथेची काळजी करू नका. तुम्ही पायरी चढणार नाही म्हणाला होतात, बिल्डिंगला लिफ्ट आहे.

ता. क. ४: पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आत्ता डोंबिवलीहून आले. ज्योत पिवळी पडायला लागली आहे, सिलिंडर कधीही संपेल. काकांनी दुपारचा चहा बंद केलाय. मला वाटलं दूध नासलं असेल. विचारलं तर इकडेतिकडे बघत म्हणाले, “काय सांगावं, रतनराव कधी आलेच, तर तिच्या घरात त्यांच्या एका चहापुरता गॅस असू दे.”